रोज चालणाऱ्या दमदार गाडीला कोणता क्लच? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गाडी टर्बो, गिअरबॉक्स मॅन्युअल, इंजिन रीमॅप केलेलं (म्हणजे सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवलेलं) आणि रोजचा रस्ता राऊ ते विजयनगर. अशा गाडीच्या क्लचबद्दल इंदुरातली मराठी मंडळी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील: आपल्या इंजिनचा जोर नीट पेलेल असा सगळ्यात सौम्य क्लच घ्यावा. बाजारातला सगळ्यात तगडा क्लच रोजच्या गाडीला नको.

क्लच खरंच घसरतोय, की मलाच तसं वाटतंय?

पहाटे बायपास मोकळा असताना बघा. इंजिन गरम झालं की चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमच्या आसपास गाडी धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच ठीक आहे. टर्बोचा जोर येतो त्या क्षणी आरपीएमचा काटा एकदम पाच-सातशेने उडी मारत असेल आणि वेग मात्र आपल्याच चालीने चढत असेल, तर क्लचची प्लेट (फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबून धरलेली चकती) घसरते आहे.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे चटकन कळत नाही. तिथे गाडी लगेच वेग घेते आणि इंजिनचा पूर्ण जोर क्षणभरच प्लेटवर येतो. वरच्या गिअरमध्ये तोच जोर बराच वेळ टिकतो, म्हणून दुखणं आधी तिथे दिसतं.

ही चाचणी एकदाच करा आणि पाय काढून घ्या. घसरलेली प्लेट तापते, तापलेल्या प्लेटची पकड कमी होते आणि मग ती आणखी घसरते. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी परीक्षा इथे कामाची नाही. त्या वेळी इंजिन जेमतेम जोर देत असतं. पार संपलेला क्लच तेवढा तीत सापडतो, पण ३२० एनएम (न्यूटन-मीटर, इंजिनच्या पिळाचं माप) जोराला घसरणारा क्लच आरामात पास होतो.

घसरतोय म्हणजे अपग्रेड लागणारच ना?

नाही. गाडी कंपनीच्याच ट्यूनवर असेल आणि प्लेट झिजून संपली असेल, तर कंपनीचाच नवा सेट बसवा. तो त्याच जोरासाठी बनवलेला असतो.

दुसरं कारण तेल. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पाझरलं की तेल प्लेटवर येतं. मग प्लेट कितीही महागाची असो, ती घसरणारच. तिसरं कारण हायड्रॉलिकचं: पेडल सोडल्यावरही मास्टर सिलिंडरमधला दाब पूर्ण सुटत नसेल, तर रिलीज बेअरिंग डायफ्रॅम (प्रेशर प्लेटची स्प्रिंग) थोडा दाबूनच ठेवतं आणि पकड पूर्ण येत नाही. नवा क्लच मागवण्याआधी या दोन्ही गोष्टी मेकॅनिककडून तपासून घ्या.

किती क्षमतेचा क्लच घ्यायचा? हॉर्सपॉवर बघायची का?

हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क बघा. क्लचला इंजिनचा पिळ पेलायचा असतो आणि तो एनएममध्ये मोजतात.

प्लेटची क्षमता चार गोष्टींवर ठरते: लायनिंगचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. चारही आकड्यांचा गुणाकार करायचा. समजा घर्षणांक ०.३, दाब ६,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर म्हणजे ०.१ मीटर आणि बाजू दोन. उत्तर येतं ३६० एनएम. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण यातून निवडीच्या वाटा कळतात. क्षमता वाढवायची तर दाब वाढवा (पेडल जड होईल), जास्त पकडीचं लायनिंग घ्या (उचल कडक होईल) किंवा बाजू वाढवा, म्हणजे दोन प्लेटांचा क्लच (खर्च वाढेल). त्रिज्या बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) जागेने बांधलेली असते, तिथे फारसं काही करता येत नाही. म्हणजे प्रत्येक वाटेवर काहीतरी मोजावं लागतं. यातलं कोणतं ओझं तुम्हाला रोज चालेल, हे आधी ठरवा.

आता स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय मॅन्युअल घ्या. कंपनीचा आकडा १५० पीएस आणि २५० एनएम. समजा रीमॅपनंतर तुमचा टॉर्क ३२० एनएम झाला. त्यावर वीस ते तीस टक्के राखीव धरा: ३८५ ते ४१५. एवढ्या क्षमतेचा क्लच पुरे आहे. ‘पुढे कधी मोठा टर्बो टाकला तर’ असं म्हणून ६०० एनएमचा क्लच आणणारे पुष्कळ भेटतात. मोठा टर्बो राहून जातो आणि ते जड पेडल मात्र रोज सकाळी पलासिया चौराह्यावर दाबावं लागतं.

डिझेलवाल्यांनी जास्त सांभाळावं. जुन्या ऑक्टाव्हिया २.० टीडीआयचा टॉर्क कंपनीतूनच ३२० एनएम, मॅन्युअल एक्सयूव्ही ७०० डिझेलचा ४२० एनएम. हा जोर कमी आरपीएमला, एकदम येतो. रीमॅपने तो आणखी लवकर आणि आणखी उभा चढतो. ट्यून करणाऱ्याला सांगून खालच्या आरपीएमचा टॉर्क थोडा सावकाश चढता ठेवून घेतला, तर गाडी मंद वाटत नाही आणि क्लचचं आयुष्य वाढतं. कित्येकदा एवढ्यावर काम भागतं, क्लच बदलावाच लागत नाही.

डायनोवर (जोर मोजणाऱ्या यंत्रावर) माझा टॉर्क २८५ एनएम आला. मग तेवढाच धरू?

तो चाकांवर मोजलेला असेल तर नाही. क्लच गिअरबॉक्सच्या आधी बसतो, त्याच्यावर इंजिनचा पूर्ण टॉर्क येतो. मधे गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के जातात. चाकांवर २८५ म्हणजे इंजिनवर ३२० ते ३३० च्या घरात. क्लचचा आकडाही इंजिनच्या टॉर्कचा आहे ना, ते विक्रेत्याला विचारून घ्या.

‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक कंपनीचं आपापलं. एकीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज ३ ला भारी असू शकतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी क्षमता किती एनएम, लायनिंग कोणतं, हब (प्लेटचा मधला भाग) स्प्रिंगचा की सलग, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

लायनिंग कोणतं निवडू? ऑरगॅनिक, केव्हलर की सिरॅमिक?

निम्मा निकाल इथेच लागतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑरगॅनिक म्हणजे कंपनीच्या प्लेटवर असतं त्या जातीचं. तंतू, रेझिन आणि थोडा धातू दाबून केलेलं, पूर्ण गोल. उचल मऊ, फ्लायव्हीलवर झीज कमी, गर्दीत शहाण्यासारखं वागतं. जास्त तापलं की पकड सोडतं, पण वेळीच थंड होऊ दिलं तर बरीचशी परत येते. रोजच्या गाडीला माझी पहिली शिफारस हीच: चांगल्या प्रतीचं ऑरगॅनिक लायनिंग आणि त्यावर थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट. वर काढलेला ३८५-४१५ एनएमचा आकडा बहुतेक गाड्यांत या जोडीने गाठता येतो.

केव्हलर म्हणजे अ‍ॅरामिड तंतू. झीज फार कमी, उचल गोड. पण बसवल्यावर त्याला नीट रुळायला वेळ द्यावा लागतो आणि एकदा जोरात तापून चकचकीत झालं की ते सहसा पूर्वपदावर येत नाही. शांत पायाच्या माणसाला उत्तम. गाडी घरातले चौघं चालवत असतील आणि त्यातला एक शिकाऊ असेल, तर नको.

सिरॅमिक किंवा सिरामेटॅलिक म्हणजे बटणांची प्लेट. उष्णता पचवते, पकड जबरदस्त. मात्र ती एकतर धरते नाहीतर सोडते, मधलं काही फारसं नाही. सराफ्याच्या तोंडाशी, पुढे ई-रिक्षा आणि मागे स्कूटर अशा जागी इंच-इंच गाडी सरकवताना ती थरथरते आणि हिसके देते. फ्लायव्हीलही लवकर खाते. सहा बटणांची प्लेट तीनपेक्षा मवाळ, स्प्रिंग हबची सलग हबपेक्षा मवाळ. एका बाजूला ऑरगॅनिक, दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशाही प्लेटा मिळतात. साध्या ऑरगॅनिकने आकडा गाठता येत नसेल तर आधी त्या बघा.

आणखी एक भाग कुणी विचारत नाही, पण पायाला तोच जाणवतो. प्लेटच्या दोन लायनिंगच्या मधे लाटेसारख्या वळलेल्या पातळ पोलादी पट्ट्या असतात. पेडल सोडताना त्या हळूहळू दबतात आणि पकड टप्प्याटप्प्याने येते. काही ‘रेसिंग’ प्लेटांत या पट्ट्या नसतात. प्लेट हातात घेऊन कडेने बघा. दोन लायनिंगमध्ये बारीक फट आणि वळलेली पट्टी दिसली, तर ती प्लेट रस्त्यासाठी आहे.

देवास नाक्याकडे ट्रकच्या प्लेटांना बटणं मारून देतात. माझ्या प्लेटला मारून घेऊ का?

ट्रक आणि ट्रॅक्टरचं काम तिथले कारागीर वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्या कामात त्यांचा हात पक्का आहे. पण कारची प्लेट पाच-सहा हजार आरपीएमला फिरते. रिव्हेट एका रेषेत नसला किंवा वजन एका बाजूला जास्त गेलं, तर थरथर गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत पोचते. बटण सुटलं तर बेल हाउसिंग फुटू शकतं आणि चालवणाऱ्याचे पाय त्याच्या जवळच असतात. रीमॅप केलेल्या कारला हे करू नका.

घरी आई आणि बायकोही हीच गाडी चालवतात. पेडल जड झालं तर?

मग हीच तुमची पहिली अट समजा. विक्रेत्याला प्रेशर प्लेटचा दाब मूळच्या तुलनेत किती जास्त आहे ते विचारा. जमलं तर तोच सेट बसवलेली गाडी शोधा आणि आईंना तिच्यात बसवून सलग वीस-पंचवीस वेळा पेडल दाबायला सांगा. दोनदा दाबून काही कळत नाही. गुडघा दुखेल की नाही हे विसाव्या वेळी कळतं.

जड प्रेशर प्लेटचा भार नुसता पायावर येत नाही. पेडल दाबलेलं असताना तोच दाब क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो इंजिनच्या थ्रस्ट बेअरिंगवर बसतो. म्हणून सिग्नलवर क्लच दाबून उभं राहू नका. आकडे उलटे मोजणारे सिग्नल आपल्याकडे आहेतच. न्यूट्रल करा, पाय काढा, शेवटच्या चार-पाच सेकंदांत गिअर टाका.

मेकॅनिक म्हणतो ड्युअल-मास फ्लायव्हील काढून सिंगल-मास टाका, कटकट मिटेल. ऐकू का?

ड्युअल-मास फ्लायव्हील दोन तुकड्यांचं असतं आणि मधे कमानीच्या लांब स्प्रिंगा असतात. इंजिनचे धक्के त्या गिळतात. लुक कंपनीने ते १९८५ मध्ये पहिल्यांदा मालिका उत्पादनात आणलं. आज बहुतेक टर्बो डिझेलमध्ये आणि बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्ये ते असतं. झिजलं की इंजिन बंद करताना खडखड येते. नवं महाग मिळतं, म्हणून हा सल्ला.

सिंगल-मासने खर्च वाचतो आणि ते लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) परत वापरताही येतं. बदल्यात न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खुळखुळाट येतो आणि १,२००-१,५०० आरपीएमला, नेमकं गर्दीत गाडी असते तिथे, केबिन घुमते. पेट्रोलमध्ये हे पुष्कळांना चालतं. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये रोजच्या वापराला मी ड्युअल-मासच ठेवीन आणि ते चांगल्या स्थितीत असेल तर त्यावर बसणारा अपग्रेड सेट घेईन. सिंगल-मास टाकायचंच असेल तर सलग हबची प्लेट मुळीच नको. फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगा गेल्या की प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगांवरच सगळी भिस्त असते.

हलकं फ्लायव्हील?

आरपीएम चटकन चढतो आणि तितकाच चटकन पडतो. गर्दीत गाडी वारंवार बंद पडते. रोजच्या गाडीला नको.

दोन प्लेटांचा क्लच कधी घ्यावा?

टॉर्क ५०० एनएमच्या पुढे गेला आणि तरी पेडल हलकं हवं असेल तेव्हा. घासणाऱ्या बाजू चार होतात, म्हणून कमी दाबातही क्षमता मिळते. पेडल दाबलं की सुट्या प्लेटा वाजतात, त्याची सवय करावी लागते. त्याखाली हा खर्च करू नका.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर सोबत काय काय बदलू?

मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो, प्लेट स्वस्त असो वा महाग. म्हणून रिलीज बेअरिंग (गिअरबॉक्सच्या आत बसणारा स्लेव्ह सिलिंडर असेल तर तो अख्खा), क्रँकशाफ्टचं मागचं सील, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट आणि असेल तर पायलट बेअरिंग एकाच वेळी करून घ्या. बऱ्याच गाड्यांत क्लचचं फ्लुइड ब्रेकच्याच डब्यातून येतं, तेही बदला.

गिअरबॉक्स खाली आल्यावर गॅरेजमध्ये स्वतः हजर राहा. फ्लायव्हीलवर टॉर्च मारा. निळसर-जांभळे डाग दिसले तर तिथे धातू फार तापलेला आहे. बोट फिरवा, नखाला केसाएवढ्या भेगा अडकतात का बघा. भेगा असतील तर फेसिंगवर भागवू नका, फ्लायव्हील बदला. जुन्या प्लेटचे रिव्हेट बघा: लायनिंग त्यांच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल तर प्लेट वयाने गेली. लायनिंग जाड आहे पण काळं, चकचकीत आणि जळका वास मारतं, तर ती घसरून खराब झाली. बेल हाउसिंगमध्ये कोरडी राखाडी धूळ असणं साहजिक आहे. ती धूळ तेलकट चिखल झाली असेल, तर सील शोधल्याशिवाय नवी प्लेट चढवू देऊ नका.

स्प्लाइनवर (प्लेट ज्यांवर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस अगदी नावापुरतं, पुसून घेतलेलं. जास्त झालं तर फिरताना ते उडून लायनिंगवर जातं. नव्या फ्लायव्हीलवरचा गंजरोधक थर आणि प्लेट धरणाऱ्या बोटांचे डाग ब्रेक क्लीनरने साफ व्हायला हवेत. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे.

नवा क्लच बसल्यावर किती दिवस जपायचं?

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, आणि तेही शहरातले. हायवेवर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटलेली असते, तिथे काहीच घासत नाही. इंदूर-पुणे एका दमात गेलात तर किलोमीटर भरतील, प्लेट रुळणार नाही. राजवाडा, सियागंज, भंवरकुआँ अशी रोजची ये-जा हेच खरं रुळवणं. तोवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही, रेस देऊन सुटणं नाही आणि शक्य असेल तर रीमॅपही मूळ फाइलवर. केव्हलरला निर्मात्याने याहून जास्त अंतर सांगितलं असेल तर ते पाळा.

भेरूघाटात ट्रकांच्या रांगेत अडकलो की जळका वास येतो. क्लच कमजोर आहे का?

बहुतेक वेळा दोष क्लचचा नसून तो वापरण्याच्या पद्धतीचा असतो. चढावर गाडी हाफ-क्लचवर तोलून धरली की प्लेट सतत घासत राहते आणि कोणतंही लायनिंग तापतं. हँडब्रेक ओढा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये एकदाच उचला.

टॉर्कवाले डिझेल चालवणारे पुष्कळजण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलतात. इंजिन बंद पडत नाही, म्हणून चालतंय असं वाटतं. पण सपाटीवर गाडी उचलताना क्लचमध्ये होणारी उष्णता क्लच पूर्ण धरतो त्या क्षणीच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. पहिल्यात हा वेग ताशी १२ किलोमीटर असेल तर दुसऱ्यात त्याच आरपीएमला साधारण २२. म्हणजे प्रत्येक वेळी तिपटीहून जास्त उष्णता. ही एक सवय सोडली तर नव्या क्लचचं आयुष्य डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं.

क्लच मजबूत केला की गिअरबॉक्स तुटेल का?

क्लच घसरतो तेव्हा तो जास्तीचा जोर अडवत असतो. तो घसरायचा थांबला की तोच जोर पुढे गिअर, शाफ्ट आणि डिफरेन्शियलवर जातो. फोक्सवॅगन गटाच्या गिअरबॉक्सच्या नावातच आकडा असतो: एमक्यू२५० साधारण २५० एनएमचा, एमक्यू३५० साधारण ३५० चा. थोडी राखीव ताकद त्यांतही असते, पण २५० च्या गिअरबॉक्सवर ४५० एनएम टाकून वर सिरॅमिक क्लचने झटका द्यायचा, हे संकट मागायला जाणं आहे. मऊ उचलीचा क्लच गिअरबॉक्सही वाचवतो.

माझी गाडी डीएसजी (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. हे सगळं लागू पडतं का?

नाही. सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० या डीएसजीची मर्यादा २५० एनएम आहे. तिथे टॉर्क मर्यादेतच ठेवणारा रीमॅप हा रोजच्या गाडीसाठी शहाणा मार्ग.

वॉरंटी आणि विमा?

गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत थांबा. इंजिनचा रीमॅप विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. क्लचची बिलं, पार्ट नंबर आणि कंपनीच्या क्षमतेचा कागद एकत्र ठेवा, गाडी विकताना घेणारा विचारतो.

नवा क्लच बसवला, पण उचलताना गाडी थरथरते. परत उतरवू का?

पहिले काही शे किलोमीटर थांबा, ऑरगॅनिक प्लेट बहुधा तेवढ्यात शांत होते. सकाळी थंड असतानाच थरथरते आणि नंतर जाते, तर काळजी नको. गरम झाल्यावर वाढत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट बघा. नव्या क्लचची पकड जुन्या फाटक्या रबराला उघडं पाडते. माउंट ठीक असतील तर फ्लायव्हीलचं फेसिंग वाकडं झालं असावं किंवा प्लेटला तेल लागलं असावं. त्या दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली आणावाच लागतो. फेसिंग करताना आणि बसवताना काढलेले फोटो तुमच्याकडे असतील, तर गॅरेजशी बोलणं सोपं जातं.